विसावी कवळी

माईंची खालची कवळी भर समारंभात सूपच्या वाटीत पडली, आणि पडायला तिला अप्पांचं भाषणच सापडलं.

त्यातही नेमकी जागा बघा. घरच्या कवळ्यांच्या कारखान्याला साठ वर्षं झाली म्हणून पुढच्या खोलीत तीस-चाळीस माणसं जमलेली. गावातले निम्मे दंतवैद्य खुर्च्यांवर, जुनी गिऱ्हाइकं बाकांवर, फोटोग्राफर स्टुलावर उभा. "साठ वर्षांत आमच्या कवळ्या कुणाच्या तोंडात..." एवढं म्हणून अप्पा चष्मा वर सारायला थांबले. पुढचे शब्द 'हलल्या नाहीत' असे होते. तेवढ्यात फोटोग्राफरचं स्टूल डगमगलं, तो कॅमेऱ्यासकट दंतवैद्यांच्या मांडीवर बसता बसता वाचला, आणि कितीतरी वर्षांनी माईंना तोंड उघडून हसू आलं. ते काही भलत्या वेळी आलं नव्हतं, हसण्यासारखंच होतं ते. पण कवळी सुटली आणि वाटीच्या काठावर आपटून टण्णकन आत गेली.

माईंनी एका हाताने तोंडावर रुमाल धरला, दुसऱ्याने वाटी उचलली आणि वाटी घेऊनच त्या आत गेल्या. चाल इतकी सावकाश की मागच्या बाकांवरच्यांना काही कळलंही नाही. पुढच्या खुर्च्यांवरच्यांना मात्र सगळं कळलं. अप्पांनी भाषण कसंबसं गुंडाळलं आणि लोकांनी जरा जास्तच टाळ्या वाजवल्या.

स्वयंपाकघरात नळाखाली कवळी धुताना माईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना राग आला होता. कुणाचा, ते त्यांना इतक्या वर्षांत कधी ठरवता आलं नव्हतं, आजही आलं नाही.

आता एक सांगायला हवं. माई मितभाषी आहेत असं या घराण्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नव्या सुनांना त्यांचं उदाहरण दिलं जातं. माईंचा शब्द म्हणजे मोजून मापून, असं त्यांचे सासरे चारचौघांत म्हणायचे. प्रत्यक्षात माईंना बोलायला भारी आवडायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीवरून घरी येईपर्यंत त्यांची टकळी चालू असायची. पण वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालचीला तसा आधार नसतो. खालचीला धरून ठेवावं लागतं, आणि धरायला तोंडात जिभेशिवाय दुसरं आहे काय? बेचाळीस वर्षं माईंची जीभ खालच्या कवळीवर पहारा देत होती. बोलायचं म्हणजे जीभ उचलायची, आणि जीभ उचलली की कवळी उचलली जायची. म्हणून माई हं म्हणायच्या, बरं म्हणायच्या, मान हलवायच्या. लोक म्हणायचे, काय शांत बाई आहे!

पाहुणे गेले, खुर्च्या एकावर एक रचून झाल्या, आणि घरातली माणसं जेवणाच्या मोठ्या टेबलाभोवती बसली. अप्पा टोकाच्या खुर्चीवर. त्यांच्या उजव्या हाताला मुलगा, जो आता कारखाना बघतो. समोर अप्पांची थोरली बहीण अक्का, वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात स्वतःचे सत्तावीस दात, आणि त्या दातांखाली भाजलेले बदाम. आणि दाराजवळच्या खुर्चीवर छोटी. छोटी म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. वय चौतीस, दातांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, तरी घरात नाव छोटीच. तिच्या वडिलांनी कारखान्यातला वाटा सोडून घर बदललं त्याला पंधरा वर्षं झाली होती, आणि त्यानंतर या टेबलाशी ती पहिल्यांदाच बसत होती.

"मापात चूक झाली," अप्पा म्हणाले. "मेण मऊ होतं. उद्या सकाळी नवं माप घेतो. पंधरा दिवसांत नवी कवळी."

माईंनी हं म्हटलं.

"काका, रागावू नका," छोटी म्हणाली, "पण मापात काही चूक नाही. तुमच्यासारखं माप या गावात कुणी घेत नाही. कवळी उत्तमच आहे. ती जिच्यावर बसते ती जागाच उरलेली नाही."

"म्हणजे?"

"हाड झिजलंय. मघाशी आत जाऊन बघितलं मी, काकूंच्या खालच्या जबड्यावर उंचवटा असा राहिलाच नाही. सपाट पाटावर वाटी ठेवल्यासारखं आहे ते. पाट हलला की वाटी सरकणार. तुम्ही विसावी करा, पंचविसावी करा, ती सरकणारच."

विसावी, हा आकडा तिने उगाच घेतला नव्हता. माईंच्या खालच्या कवळ्या अप्पांनी आजवर एकोणीस केल्या होत्या. जुन्या सगळ्या कारखान्यातल्या काचेच्या कपाटात, प्रत्येकीखाली वर्षाची चिठ्ठी लावून, ओळीने मांडलेल्या होत्या. येणारा-जाणारा बघायचा. अप्पांना त्या ओळीचा केवढा अभिमान!

"मग काय करायचं म्हणतेस?" अप्पांनी विचारलं. आवाज थंड होता.

"इम्प्लांट. खाली फक्त दोन."

अप्पा खुर्चीत मागे रेलले. "माझ्या बायकोच्या जबड्यात स्क्रू ठोकायचे? सुतारकाम आहे का हे? आणि उद्या सगळं गाव म्हणेल, कवळीवाल्याच्या घरातच त्याची कवळी चालेना."

"आजच म्हणतंय," अक्का बदाम फोडत म्हणाल्या. "त्या टकल्या डॉक्टरचा चेहरा पाहिलास का तू? सूप नाकातून यायचं बाकी होतं त्याच्या."

"अक्का, तू गप्प बस."

"मी कशाला गप्प बसू? माझे दात जागेवर आहेत."

मुलगा इतका वेळ बोटाने टेबलावर रेघोट्या ओढत होता. तो हळूच म्हणाला, "अप्पा, छोटी म्हणते ते खरं आहे. इम्प्लांटवर बसणाऱ्या कवळ्या आपल्याकडे येतात. मीच करतो, मागच्या खोलीत."

"आपल्याकडे? कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

अप्पांनी मुलाकडे, मग छोटीकडे, आणि मग भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. त्यांना तिन्हीकडून कुणी साथ दिली नाही. शेवटी ते हक्काच्या ठिकाणी वळले. "हिला विचारा ना! हिची कधी तक्रार आहे का? एकोणीस कवळ्या केल्या, दरवेळी विचारलं, 'बसली ना?' दरवेळी म्हणाली, 'छान बसली.' हो की नाही गं?"

सगळे माईंकडे बघायला लागले. माईंनी जिभेने कवळी दाबली. मान डोलावली की सगळं मिटणार होतं. नवं माप, पंधरा दिवस, कपाटात आणखी एक चिठ्ठी. पुन्हा जेवताना सगळ्यांचं झाल्यावर मागे एकट्याने भाकरी बुडवून खाणं, फोनवर मैत्रिणीशी हं-हं करणं, आणि नातीने गोष्ट सांग म्हटलं की तिच्या आईकडे बोट दाखवणं.

"मी उद्या छोटीकडे जाऊन येते," माई म्हणाल्या. "नुसतं दाखवून येते."

वाक्य लांब होतं. कवळी दोनदा उचलली गेली आणि 'दाखवून'मधला ख पार चिरडला, पण वाक्य पुरं झालं.

छोटीचा दवाखाना एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर दोन खोल्यांत होता. माईंना एका यंत्रासमोर उभं केलं, हनुवटी एका टेकूवर ठेवायला लावली, आणि यंत्राचा हात गुणगुणत त्यांच्या डोक्याभोवती एक फेरी मारून आला. एवढंच. मग छोटीने पडद्यावर त्यांचा जबडा आणला. माईंनी स्वतःचं हाड पहिल्यांदाच पाहिलं. किती बारीक होतं ते! मागच्या बाजूला तर पेन्सिलीएवढंच.

"हे बघा काकू. दात नुसता चावत नाही, त्याचं मूळ दर घासाला हाडाला कामाला लावतं. दात गेला की हाडाचं काम गेलं. मग ते वर्षागणिक आटत जातं. वरून कवळी दाबत राहिली की आणखी लवकर."

"मग स्क्रू कशात बसणार?"

"इथे." छोटीने हनुवटीच्या वरची जागा दाखवली. "पुढचं हाड सहसा शेवटपर्यंत तग धरतं. तुमचं इथे बारा मिलिमीटर आहे. पुरेल. एक डावीकडे, एक उजवीकडे."

मग तिने खणातून एक इम्प्लांट काढून माईंच्या तळहातावर ठेवला. करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढाही नाही. माईंना वाटलं होतं भिंतीत ठोकतात तसलं काहीतरी दणकट असेल.

"लोकांना वाटतं इम्प्लांट म्हणजे दात. तसं नाही. हे नुसतं मूळ आहे, टायटेनियमचं. ते हाडात बसवायचं आणि थांबायचं, तीन-चार महिने. तेवढ्यात हाड त्याला बिलगून वाढतं, आपलंच समजून धरून ठेवतं. मग त्याच्या डोक्यावर एक बोंड बसवायचं आणि कवळीच्या पोटात त्याची खोबण. टिचबटण लावतो ना आपण, तसं. टिचकन बसते, ओढली की निघते. आपली आपण हलत नाही."

"आणि पक्के नाही बसवता येत? न निघणारे?"

"येतात की. पण त्याला चार तरी लागतील, कधी जास्त, आणि एवढी मोठी शस्त्रक्रिया तुमच्यावर मला करायची नाही. दोनांत तुमचं काम भागतंय. वरची कवळी तर नीट बसतेय, तिला हातच लावायचा नाही."

"दुखेल का गं?"

"करताना नाही, इंजेक्शन असतं. नंतर दोन-तीन दिवस सूज, थोडं दुखणं. आणि खोटं सांगणार नाही, कधी कधी हाड स्क्रूला धरतच नाही. मग तो काढायचा, हाड भरू द्यायचं, पुन्हा बघायचं. तुमची साखर काठावर आहे, ती आधी खाली आणायची. रोज बोंडं ब्रशने घासायची. आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची."

माईंचा हात आपोआप तोंडावर गेला. "रात्री?"

"अर्थात. हिरड्यांना विश्रांती नको? आत्ताही काढताच ना?"

माईंनी तळहातावरचा इम्प्लांट उलटा करून पाहिला.

"काकू. रात्री काढत नाही तुम्ही?"

"मामंजींचा नियम होता. कवळीवाल्याच्या घरातली बाई बिनदातांची कुणाला दिसता कामा नये. रात्रीबेरात्री कुणी दार वाजवलं तर? धुवायला काढायची, लगेच घालायची."

"मामंजी जाऊन वीस वर्षं झाली!"

"नियम राहिला," माई म्हणाल्या.

छोटीने कपाळाला हात लावला. मग खुर्ची जवळ ओढून ती हलक्या आवाजात विचारू लागली, डॉक्टर म्हणून की पुतणी म्हणून ते तिचं तिलाच ठाऊक. "दात गेले तेव्हा वय काय होतं तुमचं?"

"एकोणतीस."

"सगळे?"

"सगळे. दोन बैठकांत. आधी खालचे, मग वरचे."

"कशामुळे?"

"हिरड्या खराब होत्या म्हणे. पायोरिया."

"म्हणे म्हणजे? रक्त यायचं? हलायचे? दुखायचे?"

माईंनी तळहातावरचा तो करडा तुकडा छोटीला परत दिला. जीभ कवळीवर होती, पण या वेळी गप्प राहण्याचं कारण ते नव्हतं. "मी उसाचं कांडं दातांनी सोलायचे," त्या अखेर म्हणाल्या.

दुपारी चहाला सगळे पुन्हा त्याच टेबलाशी जमले. छोटीने जबड्याचं चित्र अप्पांसमोर ठेवलं. अप्पांनी ते उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर चढवला, डोळ्यांजवळ नेलं. साठ वर्षं जबड्यांत गेलेला माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मागचं हाड बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"एवढं?" ते म्हणाले. "माझ्या हाताला लागत होतं सपाट, पण एवढं... या वयात कुणाचं एवढं जात नाही."

"या वयात नाही जात, काका. बेचाळीस वर्षांत जातं. काकूंचे दात साठीला गेले असते तर हे हाड आज शाबूत असतं." तिने खुर्ची अप्पांकडे वळवली. "एकोणतिसाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस काढावे लागतील असा पायोरिया मी आजवर पाहिलेला नाही. मला फक्त आजाराची माहिती हवी आहे. काय झालं होतं?"

मुलगा म्हणाला, "पायोरियाच. आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

"कसला पायोरिया आणि कसलं काय!" अक्का फाडकन म्हणाल्या. बदामाची वाटी त्यांनी बाजूला सारली. "मी होते त्या वेळी माहेरी. बाळंतपणाला आले होते. पोरीचे दात असे होते, नुसते मोती! बाबांना दुकानात बसवायला तरुण तोंड हवं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांची कवळी दाखवून गिऱ्हाईक भुलत नाही म्हणायचे. 'सूनबाई, जरा हसून दाखवा. बघा हो, ओळखू येतंय का कवळी आहे ते?' असं दहा वर्षं चाललं होतं की पुढच्या खोलीत. माझेही काढायला निघाले होते. माझ्या नवऱ्याने येऊन हात धरून नेलं म्हणून वाचले मी."

चहा निवत चालला. मुलगा आईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते माईंना बघवेना.

"अप्पा?" मुलगा म्हणाला. "खरंय हे?"

अप्पा उठले. चित्र हातातच होतं. ते मधलं दार उघडून कारखान्यात गेले आणि दार लोटून घेतलं.

"झालं, पळाला," अक्का म्हणाल्या. "तेव्हाही असाच पळाला होता. बाबांपुढे याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"वन्सं, पुरे आता," माई म्हणाल्या, आणि उठून त्याही आत गेल्या.

कारखान्यात प्लास्टरची पांढरी धूळ होती, मेणाचा आणि स्पिरिटचा वास होता. पॉलिशचं चाक बंद होतं. अप्पा खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी उभे होते आणि सर्वांत खालचा खण उपसत होते. माप घ्यायच्या जुन्या ताटल्या, मोडक्या पकडी, कागद, सगळं जमिनीवर. अगदी तळातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर उलगडलं.

प्लास्टरचे दोन साचे होते. पिवळे पडलेले, पण धडधाकट. एक वरच्या दातांचा, एक खालच्या. खालच्यात पुढचे चार दात ओळीत होते आणि त्यांतला डावीकडचा एक किंचित वळून शेजाऱ्यावर चढला होता.

माई बघतच राहिल्या. तो दात! आरशात बघून लहानपणी त्या अंगठ्याने तो रोज आत ढकलायच्या. लग्नात तो दिसू नये म्हणून फोटोत ओठ मिटून बसल्या होत्या.

"आदल्या दिवशी मीच माप घेतलं होतं," अप्पा म्हणाले. पाठ तशीच होती. "बाबा म्हणाले, फेकून दे. मी ठेवलं."

"हिरड्या खराब होत्या का हो माझ्या?"

अप्पांनी दोन्ही साचे फडक्यावर सरळ मांडले. मग ते वळले. "नाही. दात चांगले होते. एकही किडका नव्हता. मला माहीत होतं. तेहतीस वर्षांचा घोडा होतो मी, बाबांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आणि तुला पायोरिया म्हणून सांगितलं ते मी. बाबांनी नव्हे."

माईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. बेचाळीस वर्षं त्यांना हे ठाऊकच होतं, आणि तरी कुणीतरी तोंडाने म्हटल्यावर ते नव्याने लागलं.

"फार वाईट केलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला उसाचं कांडं आवडायचं. मला बोलायला आवडायचं. तुम्हाला माहीत होतं ते. मी दिवसभर बडबडायचे म्हणून तुम्ही हसायचात." बोलता बोलता कवळी सुटत होती, त्यांनी ती सरळ बोटाने दाबून धरली आणि तशाच बोलत राहिल्या. "मग एकदम गप्प झाले तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं. वाटलं तू रागावलीस. आणि मग सवय झाली." अप्पांनी साच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. "पण कवळ्या? एकोणीस केल्या गं मी. जीव ओतून केल्या. एकदाही म्हणाली नाहीस की बसत नाही म्हणून. मला वाटायचं, निदान हे तरी नीट करतोय."

"तुम्ही 'बसली ना?' असं विचारायचात. त्याला नाही कसं म्हणायचं? रात्र रात्र बसून केलेली असायची."

दोघंही जुन्या कवळ्यांच्या कपाटाकडे बघत राहिले. एकीने हलणारी कवळी छान आहे म्हणून सांगावं आणि दुसऱ्याने त्या शब्दावर पुढची करावी, असं चाललं होतं इतकी वर्षं. दुसऱ्या कुठल्या घरात ती बाई तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कवळीवाल्याकडे गेली असती. या घरात तशी सोयच नव्हती.

"मी इम्प्लांट करून घेणार आहे," माई म्हणाल्या. "विचारत नाहीये, सांगतेय. साखर खाली आली की छोटी तारीख देईल. स्क्रूंवर बोंडं बसली की नवी खालची कवळी लागेल. तुम्हाला करायची नसेल तर ती बाहेरच्या लॅबमधून करून घेईल."

अप्पांची मान ताडकन वर झाली. "बाहेरच्या? कुठल्या? त्या पुलापलीकडच्या? अगं, त्यांना दातांची रांग लावता येत नाही, रंग तर विचारूच नको!" मग स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं, कारण ते ओशाळले. "मला त्या बटणांचं काही येत नाही," ते म्हणाले.

"मुलाला येतं. शिका त्याच्याकडून."

साखर खाली यायला दीड महिना लागला. इम्प्लांट बसवायला तासाभराहूनही कमी वेळ लागला, आणि माई खुर्चीतून उठून म्हणाल्या, "झालंसुद्धा?" सूज तीन दिवस राहिली. जुन्या कवळीला आतून कोरून छोटीने ती स्क्रूंवर टेकणार नाही अशी केली. मऊ भात आणि सूप यावर चार महिने गेले. मामंजींचा फोटो भिंतीवर होताच, पण माई रात्री कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवू लागल्या. पहिल्या रात्री त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. तिसऱ्या रात्री अप्पा म्हणाले, "इकडे वळ की. मला काय, साठ वर्षं हेच बघतोय." तेव्हा त्या वळल्या आणि अंधारात हसल्या.

त्या चार महिन्यांत पंचाहत्तरीचे अप्पा मागच्या खोलीत मुलाच्या शेजारी स्टुलावर बसायचे. खोबणी कशी धरायची, आतलं नायलॉनचं कडं कुठल्या ताकदीचं घ्यायचं, ते वर्षा-दोन वर्षांनी बदलावं का लागतं, सगळं विचारायचे, विसरायचे, पुन्हा विचारायचे. मुलगा दोनदा वैतागला. तिसऱ्यांदा मात्र वडिलांचा हात धरून त्याने काम दाखवलं. एवढ्यावरून त्याने सगळं माफ केलं असं कुणी समजू नये, पण जेवायला तो पुन्हा अप्पांच्या उजव्या हाताला बसायला लागला.

विसावी कवळी बसवायची त्या दिवशी छोटी स्वतः कारखान्यात आली. अक्का आल्या, न बोलावता. माई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या. अप्पांनी फडकं उघडून कवळी त्यांच्या हातात दिली.

माईंनी ती उजेडात धरली. पुढच्या चार दातांतला डावीकडचा एक किंचित वळून शेजाऱ्यावर चढला होता.

"अगोबाई, हा वाकडा लागलाय की!" अक्का म्हणाल्या. "म्हाताऱ्याचा हात थरथरला वाटतं."

"थरथरला नाही," अप्पा म्हणाले. "तिथेच होता तो. आधीच्या एकोणीसांत मीच सरळ करत होतो."

माईंनी कवळी आणखी जवळ धरली. त्यांनी अंगठा त्या दातावर ठेवला, लहानपणी ठेवायच्या तसा, पण आत ढकलला नाही. मग कवळी तोंडात घातली आणि दाबली. टिचकन आवाज आला. त्यांनी सवयीने जीभ तिच्यावर ठेवली, आणि हळूच उचलली. कवळी जागेवरच होती. जीभ उजवीकडे नेली, डावीकडे नेली, टाळूला लावली. हललीच नाही.

आणि मग माई बोलायला लागल्या. काय बोलल्या ते सांगत बसलं तर प्रकरण लांबेल. विहिरीवरच्या बायकांचं सांगितलं, फोटोग्राफरच्या स्टुलाचं सांगितलं, टकल्या डॉक्टरच्या चेहऱ्याची नक्कल केली, छोटीच्या वडिलांना आता तरी या घरी जेवायला बोलवा म्हणून अप्पांना फैलावर घेतलं. अक्कांना बोलायला फटच मिळेना. "अगं, श्वास तरी घे!" अक्का म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

अप्पा इतका वेळ हातात फडकं घेऊन समोर उभे होते. माई जरा थांबल्या तसा त्यांनी घसा खाकरला. ओठांवर जुनाच प्रश्न आला असावा, कारण ते एकदा अडखळले.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

माईंनी जीभ आतून फिरवून बघितली. सगळे वाट बघत होते.

"डावीकडे टोचतेय," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला."

"कुठे, कुठे? दाखव," म्हणत अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि इतक्या आनंदाने खुर्ची पुढे ओढली की स्टूलच पाडलं.